आचारप्रकरणातील ‘महाराष्ट्र’ : नामाचा अर्थ आणि झाडीचा प्रश्न

सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंच्या आचारप्रकरणातील एका आज्ञेचा विचार प्रस्तुत लेखात मांडीत आहोत. आज्ञा सर्वांच्या परिचयाची आहे. साधकाने महाराष्ट्रात राहावे, कानडी व तेलंग देशांस जाऊ नये, ही ती आज्ञा. सूत्रपाठ शिकताना बालभिक्षुकही ती पाठ करतो. पण पाठ होणे निराळे आणि अर्थ लागणे निराळे. ‘महाराष्ट्र’ म्हणजे कोणती भूमी, हा प्रश्न पैठण-बेलापूरच्या साधकाला पडत नाही. चांदा-गडचिरोलीच्या रानातून अटन करणाऱ्या साधकाला मात्र तो पावलोपावली पडतो.

१. प्रश्न कसा उपस्थित झाला

गेल्या चातुर्मासाच्या आधी एका तरुण साधकाने आम्हांस विचारले, “बाबा, सिरोंचाकडील काही वासनिक कुटुंबे निरूपणासाठी बोलावीत आहेत. तिकडे बाजारात तेलुगू, घरांतही पुष्कळ ठिकाणी तेलुगू. नदी ओलांडली की तेलंगणच. मग सिरोंचा हे आज्ञेतील महाराष्ट्र की तेलंगदेश? मी जावे की न जावे?”

सोबतच्या एकाने लगेच उत्तर दिले, “सिरोंचा महाराष्ट्र राज्यात आहे, गडचिरोली जिल्ह्याचा तालुका आहे. यात संशय कसला?” दुसरा म्हणाला, “बोली तेलुगू, म्हणजे देश तेलंग. न जाणेच बरे.” तिसरा म्हणाला, “धर्म जेथे नांदतो ते महाराष्ट्र. मग कोठेही जावे.”

तिघांनी एकच नाम उच्चारले, परंतु तिघांच्या मनातले देश तीन होते. एकाचा राज्याच्या नकाशातला, दुसऱ्याचा भाषेचा, तिसऱ्याचा गुणाचा. नाम एक आणि अर्थ अनेक झाले, की आज्ञा पाळणाऱ्याची आणि टाळणाऱ्याची वाट बाहेरून सारखीच दिसू लागते. म्हणून या नामाचा शोध घेणे हे केवळ पांडित्याचे काम राहत नाही, ते आचाराचे काम होते.

२. आज्ञा आणि तिचा हेतू

प्रथम आज्ञेचे प्रकरण पाहू. महाराष्ट्रात राहण्याचे सांगताना स्वामींनी स्वदेशाची स्तुती केलेली नाही. आणि स्वदेश म्हणावा तर महाराष्ट्र हा स्वामींच्या देहाचा जन्मदेशही नव्हता. भडोचच्या प्रधानकुळातील हरिपाळदेवाचे ते शरीर, म्हणजे देहाने ते गुर्जर. ‘आपुली भूमी’ म्हणून ही आज्ञा झाली असती, तर ती गुजरातची झाली असती. तेव्हा या आज्ञेत जन्मभूमीचा अभिमान पाहणे हे प्रकरणास सोडून आहे.

निषेधाच्या बाजूसही तोच न्याय. कानडी आणि तेलंग देशांस जाऊ नये असे सांगताना स्वामींनी कारणही सांगून ठेविले आहे. त्या देशी विषयांची समृद्धी फार आणि तेथे यतीला मोठा मान, हे ते कारण. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. कारण म्हणून तेथील लोकांचा दोष सांगितलेला नाही, भाषेचा तर नाहीच. ज्या देशी संन्याशाचे पाय धुतले जातात, त्या देशी संन्यासी बिघडतो, हा त्याचा अभिप्राय. म्हणजे दोष देशाकडे नसून साधकाच्या दुर्बलतेकडे आहे. स्वामी स्वतः एकांकात ओरंगलपर्यंत गेले होते, हे लीळाचरित्राच्या वाचकांस ठाऊकच आहे. परमेश्वरास देश बाधत नाही. साधकास बाधतो, म्हणून साधकास आज्ञा.

हा हेतू ध्यानी ठेवून आता नामाकडे वळू.

३. नामाची व्युत्पत्ती आणि जुने उल्लेख

‘महाराष्ट्र’ हे नाम स्वामींच्या काळी नवे नव्हते. अशोकाच्या शिलालेखांत ‘रठिक’ या लोकांचा उल्लेख येतो. सातवाहनकालीन नाणेघाटच्या लेखात ‘महारठी’ ही पदवी आढळते. सिंहलद्वीपातील ‘महावंस’ या पाली ग्रंथात धर्मप्रसारासाठी ‘महारठ्ठ’ देशी भिक्षू पाठविल्याची नोंद आहे. इ. स. ६३४ च्या सुमारास कोरलेल्या ऐहोळेच्या लेखात दुसऱ्या पुलकेशीला नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रांचा स्वामी म्हटले आहे. तीन महाराष्ट्रे, हा शब्दप्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या काळी हे नाम एका अखंड राज्याचे नव्हते, एकमेकांस लागून असलेल्या अनेक भूभागांचे होते. या तिहींत विदर्भ एक असावा, असे काही इतिहासज्ञांचे मत आहे. पुढे थोड्याच वर्षांत आलेला चिनी यात्रेकरू युआन श्वांग याने या देशाचे नाव आपल्या उच्चाराने लिहून ठेविले आणि येथील लोक साधे, सरळ पण मानी आहेत असे वर्णन केले. अकराव्या शतकात अल्बेरुनी नर्मदेच्या दक्षिणेस ‘मऱ्हाट’ देश सांगतो.

व्युत्पत्तीविषयी विद्वानांत एकमत नाही. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या मते रठ्ठ किंवा रठ्ठी या लोकांनी स्वतःस ‘महारठी’ म्हणविले आणि त्यांचा देश तो महाराष्ट्र. त्यांच्या आधी डॉ. जॉन विल्सन यांनी मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीस जोडलेल्या टिपणात या नामाचा संबंध महार जातीशी जोडला होता. तिसरा अर्थ सर्वांत सोपा, म्हणजे ‘मोठे राष्ट्र’. यांपैकी एका मताने देश लोकांच्या पदवीवरून ओळखला जातो, दुसऱ्याने एका समाजावरून, तिसऱ्याने विस्तारावरून.

आमच्या आचार्यांनी चौथा मार्ग धरला. आचारप्रकरणाच्या भाष्यात ‘महंत असे राष्ट्र ते महाराष्ट्र’ या आशयाची फोड करून पुढे महंतपण कशाने, याचा विचार केला आहे. जो देश निर्दोष आणि सगुण, जो स्वतः अनाचार करीत नाही व दुसऱ्यास करू देत नाही, जेथे आचरलेला धर्म सिद्धीस जातो, असा देश महाराष्ट्र, असे त्या विवरणाचे तात्पर्य आहे. इतिहासाच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती टिकेल की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. निरुक्ताचा मार्ग निराळा असतो. तो नाम कोठून आले हे सांगत नाही, नामाने काय केले पाहिजे हे सांगतो.

४. भाष्यकारांनी सांगितलेली व्याप्ती

मात्र आचार्य गुणावर थांबले नाहीत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. गुण सांगून त्यांनी भूमीही सांगितली. देश म्हणजे खंडमंडळ अशी व्याख्या करून त्यांनी मंडळे मोजली आहेत. फलटणच्या दक्षिणेस जेथवर मराठी भाषा चालते ते एक, त्याच्या उत्तरेस बालाघाटाच्या शेवटापर्यंतचे दुसरे, गंगेचे म्हणजे गोदावरीचे दोन्ही तीर हे तिसरे, तेथून मेहकरच्या घाटापर्यंतचे चौथे, आणि त्यापुढचे सगळे वऱ्हाड हे पाचवे. भाषेत किंचित पालट पडतो म्हणून ही मंडळे वेगळी जाणावी, पण सगळी मिळून महाराष्ट्रच म्हणावे, असा त्यांचा निर्णय आहे.

मराठी देशाची सीमा भाषेने आखण्याचा इतका जुना आणि इतका स्पष्ट प्रयत्न क्वचितच आढळेल. राजाच्या नावाने नव्हे, किल्ल्यांच्या नावाने नव्हे, तर लोक काय बोलतात यावरून देश मोजला गेला. देवगिरीच्या यादवांची सत्ता कानडी मुलखातही होती, पण म्हणून भाष्यकारांनी तो मुलूख महाराष्ट्रात घातला नाही. भाषेविषयीचा हा कटाक्ष पंथाच्या मुळातच आहे. केशवराजसूरींनी संस्कृतात विचारणा केली असता श्रीनागदेवाचार्यांनी, स्वामींनी आपणांस मराठीतच निरूपिले असे सांगून मराठीचा आग्रह धरला, ही स्मृती सर्वांच्या परिचयाची आहे.

पण या पाच मंडळांत एक उणीव आमच्या इकडच्या वाचकाच्या ध्यानी लगेच येते. वऱ्हाडापर्यंत मोजणी आली आणि थांबली. झाडीचे नाव तेथे नाही. मग झाडी वऱ्हाडात धरावी, की महाराष्ट्राबाहेर?

५. एकाच भूमीची अनेक नावे

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश, आजचे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे, लोकांच्या तोंडी ‘झाडी’ किंवा ‘झाडीपट्टी’ म्हणून ओळखला जातो. हे नाम जुने आहे. रामचंद्रदेव यादवाच्या काळच्या लेखात हेमाद्रीने झाडीमंडळ जिंकल्याचे सांगितले आहे. त्या हेमाद्रीचे नाव पंथात कोणत्या भावनेने घेतले जाते, हे सांगावयास नको. पण त्याच्या प्रशस्तीतूनही आम्हांस एक उपयोगाची गोष्ट मिळते. ती ही, की झाडी हे त्या काळी ‘मंडळ’ म्हणून ओळखले जात होते. आपल्या परंपरेतही रामटेक आणि भंडारा ही स्थाने स्वामींच्या विहाराने पावन झालेली आहेत. नीळभट्ट भांडारेकार हे तर भंडाऱ्याचेच. तेव्हा स्वामींच्या परिवाराला झाडी परकी नव्हती.

याच भूमीला दुसरे नाव ‘गोंडवन’. गोंड राजांनी बल्लारपूर आणि चांदा येथे राजधान्या केल्या, परकोट बांधले, तलाव खोदले. पण हे नाव बाहेरच्यांनी दिले आहे. गोंड बांधव आपल्या भाषेत स्वतःस कोया किंवा कोयतूर म्हणतात. पुढे या नामाचे जे झाले ते विस्मयकारक आहे. १८७२ मध्ये मेडलिकॉट या भूगर्भशास्त्रज्ञाने नर्मदेच्या दक्षिणेकडील कोळसा असलेल्या खडकांच्या मालिकेस ‘गोंडवाना’ हे नाव दिले. चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा त्याच मालिकेतला. नंतर १८८५ मध्ये एडवर्ड स्यूस याने हेच नाव कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका महाखंडास लावले. आज आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे एकेकाळी ज्या भूमीचे भाग होते, तिचे नाव आमच्या दाराशी राहणाऱ्या लोकांच्या नावावरून पडलेले आहे. जगभर विद्यार्थी ते नाव घोकतात, आणि ज्यांचे ते नाव, त्यांस त्याची वार्ता कित्येक पिढ्या नव्हती. नाम वाढले म्हणजे नामधारकाचा मान वाढतोच असे नाही, हा धडा येथे घ्यावा. २०११ मध्ये गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ते नाव फिरून आपल्या घरी आले म्हणावयाचे.

तिसरे नाव राज्यकर्त्यांचे. १८५४ मध्ये भोसल्यांचे नागपूर राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. चांदा त्यात गेला. सिरोंचा हे त्या काळी अपर गोदावरी या निराळ्या जिल्ह्याचे ठाणे होते. १८७४ मध्ये तो तालुका चांद्यास जोडला. १९०७ मध्ये त्याच सिरोंचाच्या दक्षिणेकडील चेरला, अल्बाका आणि नुगूर हे तुकडे काढून मद्रास इलाख्यास दिले. राजुरा तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. नंतर तो आधी नांदेडला आणि मग चांद्यास जोडला गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९६४ च्या सुमारास चांदा जिल्ह्याचे नाव चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. २०१४ मध्ये नदीपलीकडे तेलंगणा हे नवे राज्य उभे राहिले. सिरोंच्याची माती तीच, प्राणहिता तीच, गोदावरीशी तिचा संगम तोच. दीडशे वर्षांत कागदावरची नावे मात्र पाच-सात वेळा पालटली.

६. तीन पूर्वपक्ष

आता त्या तीन साधकांची तीन उत्तरे पूर्वपक्ष म्हणून तपासू.

पहिला पूर्वपक्ष : राज्याची सीमा तीच आज्ञेची सीमा. हा पक्ष सोपा आहे, म्हणून लोकप्रिय आहे. पण तो मान्य केला तर चेरला-अल्बाका १९०७ पूर्वी एक आणि १९०७ नंतर दुसरे, असे म्हणावे लागेल. राजुऱ्याची भूमी १९५६ पर्यंत निषिद्ध आणि नंतर विहित ठरेल. इतकेच नव्हे, श्रीप्रभूंचे रिद्धपूर दीर्घकाळ ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या प्रांतात होते. १९६० पूर्वी रिद्धपूर महाराष्ट्रात नव्हते, असे कोणता महानुभाव म्हणेल? ज्या रिद्धपुरी श्रीप्रभूंची सेवा करण्यास स्वामींनी भटोबासांना पाठविले, ते महाराष्ट्र नव्हे तर मग महाराष्ट्र कोणते? सचिवालयाच्या आदेशाने सर्वज्ञांची आज्ञा सरकत नाही. म्हणून हा पक्ष त्याज्य.

दुसरा पूर्वपक्ष : केवळ भाषा. याला भाष्याचा आधार आहे, म्हणून तो पहिल्यापेक्षा बळकट आहे. पण भाष्यकारांनीच ‘किंचित पालट’ सोसून घेतला आहे, हे विसरता कामा नये. झाडीत ‘डोळा’ चा ‘डोरा’ होतो, ‘पाणी’ चे ‘पानी’ होते. पुण्याच्या कानास हे खटकेल, पण हाच तो किंचित पालट. या न्यायाने झाडी निःसंशय महाराष्ट्रात येते, मग भाष्यात तिचे वेगळे नाव असो वा नसो. मंडळांची यादी ही उदाहरणार्थ आहे, तेथील ‘जैसे’ हा ध्वनी विसरून तिला कुंपण करू नये. अडचण पुढे आहे. भामरागड-एटापल्लीच्या रानातील माडिया बांधवांची भाषा मराठी नाही. सिरोंच्यात मराठी आणि तेलुगू एकाच ओसरीवर बोलल्या जातात, सून एक बोलते आणि सासू दुसरी. तेथे सीमा गावागावांतून नव्हे, घराघरांतून जाते. घरातल्या अर्ध्या माणसांस निरूपण विहित आणि अर्ध्यांस निषिद्ध, असा अर्थ करता येत नाही. म्हणून भाषा हे लक्षण खरे, पण एकटे अपुरे.

तिसरा पूर्वपक्ष : केवळ गुण. जेथे धर्म सिद्धीस जातो ते महाराष्ट्र, म्हणून कोणतीही भूमी महाराष्ट्र होऊ शकते. पंथ पंजाबात ‘जयकृष्णी’ या नावाने पसरला, पेशावर-काबूलपर्यंत गेला, हे याच्या पुष्टीस सांगतात. ती परंपरा आदरणीय आहे. पण या पक्षात मोठा धोका आहे. ज्याला जेथे जावयाचे तेथे तो जाईल आणि त्या भूमीस महाराष्ट्र म्हणेल. आज्ञेने साधकास बांधावयाचे, तर येथे साधकच आज्ञेस बांधू लागतो. भाष्यकारांस केवळ गुणच सांगावयाचा असता, तर फलटण, बालाघाट, मेहकर ही नावे त्यांनी कशाला घेतली असती? भूमीची नावे घेतली, याचा अर्थच असा की मातीला अर्थ आहे.

७. सिद्धान्त

मग निर्णय काय? आमच्या अल्पमतीप्रमाणे या नामात तीन गोष्टी एकत्र आहेत, आणि त्यांचा क्रम मोडू नये. भूमी आणि भाषा हे नामाचे शरीर. निर्दोषता आणि धर्मसिद्धी हा नामाचा गुण. आणि साधकाने मानापासून व विषयांपासून दूर राहणे हा आज्ञेचा हेतू. शरीर टाकून गुण धरला की स्वैराचार होतो. गुण टाकून शरीर धरले की अभिमान होतो. हेतू विसरला की दोन्ही होतात.

येथे आचारप्रकरणातील दुसऱ्या एका आज्ञेचे स्मरण करणे अवश्य आहे. देशाच्या शेवटास, झाडातळी, साधकाने जन्म घालवावा, अशा अभिप्रायाची ती आज्ञा. या दोन आज्ञा आपण वेगवेगळ्या पाठ करतो, म्हणून त्यांचा परस्परसंबंध ध्यानी येत नाही. एक म्हणते, महाराष्ट्रात राहा. दुसरी म्हणते, देशाच्या टोकाला राहा. दोन्ही एकत्र ठेविल्या की चित्र स्पष्ट होते. महाराष्ट्रात राहावयाचे ते राजधानीच्या वैभवात नव्हे, जेथे कोणी ओळखत नाही, कोणी पाय धरीत नाही, अशा शेवटास. शेवट हा देशाचाच असतो. कापडाचा काठ कापडाबाहेर नसतो.

या दोन्ही आज्ञा एका ठिकाणी मिळतात असा प्रदेश शोधू गेल्यास तो आपली झाडीच नव्हे काय? येथे महाराष्ट्र संपत येतो, आणि येथे झाडही आहे. ज्या मुलखास लोक ‘मागास’ म्हणून नाके मुरडतात, तो साधकाच्या दृष्टीने आज्ञेच्या सर्वांत जवळचा मुलूख आहे.

आता सिरोंचा. तेथे मराठी आहे, तिच्याबरोबर तेलुगूही आहे. म्हणजे तो देशाचा काठ आहे, परदेश नव्हे. काठावर दोन रंग एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून तो काठ. तेथे विषयांची समृद्धी नाही आणि यतीची पालखीही निघत नाही. भात, आंबील, मोहाची सावली आणि पावसाळ्यात तुटणारी वाट, एवढेच तेथे आहे. म्हणून निषेधाचे शब्द तेथे लागू होत नाहीत, आणि निषेधाचा हेतूही लागू होत नाही. साधकाने जावे. वासनिक आर्ततेने बोलावीत असतील तर अवश्य जावे. मात्र तेथेही ज्या दिवशी मान मिळू लागेल, त्या दिवशी झोळी उचलावी.

कोणी म्हणेल, हेतू पाहून आपण आज्ञा सैल केली. आमचे म्हणणे उलट आहे. हेतूने आज्ञा सैल होत नाही, रुंद होते. शब्दाने ती दोन देशांपुरती होती. हेतूने ती चंद्रपुरासही लागू होते, नागपूर-पुण्यासही लागू होते. ज्या आश्रमात साधकासाठी मऊ आसन मांडले जाते, मिरवणूक निघते, वासनिक रांगेने उभे राहतात, तो आश्रम महाराष्ट्राच्या ऐन मध्यभागी असला, तरी आज्ञेत सांगितलेले भय तेथे हजर आहे. नकाशावर तो महाराष्ट्रात, हेतूने निषिद्ध भूमीत. आणि जो साधक सिरोंच्याच्या वाटेवर अनोळखी, उपाशी, नामस्मरण करीत चालला आहे, तो आज्ञेच्या आत आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्या निमित्ताने लीळाचरित्राचे नाव पुष्कळ व्यासपीठांवरून घेतले गेले. आनंद कोणास होणार नाही? पण यतीला मान मिळतो तेथे जपून असावे, हे ज्या वाङ्मयाने शिकविले, त्या वाङ्मयाच्या वारसदारांनी त्याच्याच मानाने फुगून जाऊ नये. महाराष्ट्र हे नाम स्वामींनी आपणांस मिरविण्यासाठी दिले नाही, राहण्यासाठी दिले आहे.

८. एक स्वानुभव

हा लेख लिहिण्यास एक खाजगी कारणही आहे. ते सांगितल्याविना लेख प्रामाणिक होणार नाही.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही अहेरीच्या बाजूस अटनात होतो. सिरोंच्यापलीकडच्या एका खेड्यातून निरोप आला. एक वृद्ध वासनिक बाई मुलाबरोबर तिकडे राहावयास गेली होती, तिचे शरीर थकले होते. कोणा साधकाने येऊन चार शब्द सांगावे, स्मरण करवावे, एवढीच तिची इच्छा होती. दिवस आषाढाचे. नाले भरलेले, वाट चिखलाची. आम्ही निरोप आणणाऱ्यास सांगितले, “तो तेलंगांचा मुलूख. आम्हांस आज्ञा नाही.” तो मनुष्य काही बोलला नाही. दंडवत करून परत गेला. पंधरवड्याने कळले, की बाई गेल्या. शेवटपर्यंत दाराकडे पाहत होत्या म्हणे.

चातुर्मास संपल्यावर आमच्या गुरूंस ही हकीकत सांगितली. सांगताना मनात थोडा अभिमानच होता, आज्ञा पाळल्याचा. गुरू बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तू आज्ञा पाळलीस, की आज्ञेआड लपलास?”

उत्तर देता आले नाही, कारण उत्तर ठाऊक होते. आम्ही पावसास भ्यालो होतो. तेलंगदेश हे नाम आम्ही त्या दिवशी छत्रीसारखे उघडले होते. नाम खरे होते, सूत्र खरे होते, पण त्यांचा उपयोग खोटा होता. गुरूंनी प्रायश्चित्त सांगितले, ते केले. पण दाराकडे पाहणारी ती दृष्टी प्रायश्चित्ताने पुसली गेली नाही. गेल्या वर्षी त्या तरुण साधकाने तोच प्रश्न विचारला, तेव्हा नाममीमांसा नीट करून ठेवणे हे आमचे ऋण आहे असे वाटले. नामाचा अर्थ आपण चुकीचा लावतो, तेव्हा त्याचा दंड पुष्कळदा दुसऱ्यास भोगावा लागतो.

तो साधक चातुर्मासाआधीच सिरोंच्यास जाऊन आला. निघताना त्याने विचारले, “बाबा, तिकडे तेलुगूत बोलू का?” आम्ही म्हणालो, “त्यांस कळेल असे बोल. स्वामींनी मराठी धरली ती लोकांस कळावे म्हणून.” परत आल्यावर त्याने सांगितले, की निरूपण मराठीत झाले आणि घरातल्या मुलीने आजीला ते तेलुगूत समजावून दिले. देशाचा काठ असा असतो.

९. उपसंहार

सारांश, ‘महाराष्ट्र’ हे नाम कधी लोकांच्या पदवीचे होते, कधी तीन प्रदेशांचे, कधी भाषेचे, आणि १९६० पासून एका राज्याचेही आहे. पुढेही त्याच्या सीमा पालटतील. राज्ये पालटतात, जिल्हे वेगळे होतात, नावे बदलतात, हा प्रपंचाचा स्वभाव आहे. साधकाने त्यात गुंतू नये आणि त्यावर रागावूही नये. त्याने आपल्यापुरते एवढे पाहावे : मी उभा आहे त्या भूमीत मराठीचा शब्द जिवंत आहे काय? येथे माझा धर्म सिद्धीस जाईल काय? आणि येथे मला कोणी फार मान देत तर नाही ना? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘होय’ आणि तिसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर त्याने निःशंक राहावे. मग ते गाव नकाशाच्या मध्यभागी असो, वा प्राणहितेच्या काठावरचे शेवटचे मोहाचे झाड असो.

अर्थनिर्णयात काही न्यून असल्यास अधिकारी महंतांनी दुरुस्त करावे, ही विनंती.